खोक्यातले आभार : नवविक्रेत्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

सुरुवातीलाच खुलासा केलेला बरा. ही मार्गदर्शिका पुठ्ठ्याच्या खोक्यांपुरती आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून खोक्याला जो दुसरा, राजकीय अर्थ चिकटला आहे, त्या खोक्यांत आभारचिठ्ठी घालायची पद्धत नाही. तिथले आभार तोंडी आणि व्यासपीठावरून मानले जातात.

तुम्ही घरच्या घरी काहीतरी शिवून, कांडून, भाजून किंवा सरळ घाऊक बाजारातून उचलून अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांपैकी कुठेतरी विकायला नुकतेच बसला आहात, असं इथे धरलं आहे. उदाहरणादाखल डोंबिवलीच्या एका काल्पनिक बाईंना सोबत घेऊ. त्या खणाच्या पर्सा विकतात. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येतो, अस्तर उल्हासनगरच्या बाजारातलं, शिलाई घरची. जीएसटीचा क्रमांक, रद्द केलेला चेक, पांढऱ्या चादरीवर काढलेले फोटो असे सगळे सोपस्कार होऊन एके दिवशी पहिली ऑर्डर येते. देवापुढे साखर ठेवली जाते. नवरा या धंद्यात पहिल्यांदाच रस दाखवतो आणि टेप शोधायला उठतो. पर्स खोक्यात बसते, आणि तेवढ्यात बाईंच्या मनात येतं की नुसती वस्तू पाठवणं बरं दिसत नाही, दोन ओळी टाकूया.

इथपर्यंत काहीही बिघडलेलं नसतं.

आता मराठी माणूस धंद्यात आभार मानण्याबद्दल एरवी प्रसिद्ध नाही. दुकानदाराने सुट्टे परत देताना मान वर केली, तरी आपल्याकडचं गिऱ्हाईक भारावून जातं. तरीही आभार नव्हते असं नाही. ते बोलायची रीत नव्हती, एवढंच. वाणी यादीचं सामान बांधून झालं की सोबत आलेल्या पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. सराफ गुलाबी कागदात गुंडाळलेली वस्तू लाल पाकिटात घालून द्यायचा आणि ते पाकीट पुढे वीस वर्षं कपाटात किल्ल्या सांभाळायचं. कापडवाला पिशवी द्यायचा. वर्ष सरताना दुकानाचं नाव छापलेली दिनदर्शिका मिळायची. भिंतीवरची मोक्याची जागा १९७३ पासून साळगावकरांच्या कालनिर्णयाने अडवलेली, त्यामुळे दुकानाची दिनदर्शिका दाराच्या मागे जायची, पण दुधाचा हिशोब तिच्यावरच मांडला जायचा. या सगळ्या देण्याघेण्यात ‘आम्हाला पाच तारे द्या’ असं कुणी म्हणत नव्हतं. गुळाचा खडा खाऊन झाल्यावर पोराला अभिप्राय विचारला जात नसे.

ऑनलाइन विक्रीत काउंटर गेला, पोर गेलं आणि गूळ ठेवायचा हातही गेला. म्हणून चिठ्ठी आली. तेव्हा ती कशी लिहावी, कशावर लिहावी आणि कधी लिहू नये, ते क्रमाने पाहू.

कागद आणि वजन

नवा विक्रेता पहिल्यांदा छापखान्यात जातो. छापखानेवाला त्याला लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातून ३०० जीएसएमचा जाड कागद काढून दाखवतो, वर सोनेरी किनार सुचवतो. हात लावून बघितल्यावर कागद खरोखरच श्रीमंत वाटतो. इथेच थांबा आणि घरून वजनकाटा मागवा.

पोस्टकार्डाएवढं, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड या कागदात साडेचार ग्रॅमच्या वर भरतं. साडेचार ग्रॅमची काय ती मातब्बरी, असं वाटेल. आता बाईंची पर्स घ्या. पर्स, तिचा आकार राहावा म्हणून पोटात कोंबलेला कागद, बबल रॅप, खोकं, टेप आणि लेबल मिळून काटा ४९७ ग्रॅम दाखवतो. कुरिअरच्या दराचा पहिला टप्पा बहुतेक ठिकाणी ५०० ग्रॅमचा असतो. बाई खूश आहेत, कारण तीन ग्रॅम राखून त्या पहिल्या टप्प्यात बसल्या आहेत. मग त्या मोठ्या मनाने सोनेरी किनारीचं कार्ड आत सरकवतात आणि काटा ५०१ ओलांडतो. पार्सल दुसऱ्या टप्प्यात जातं. वाढलेलं भाडं गिऱ्हाईक देत नाही, ते पुढच्या सेटलमेंटमधून गुपचूप वळतं होतं. महिनाअखेरीला बाई वहीत बघतात तेव्हा पर्समागे मिळालेला नफा आणि कृतज्ञतेवर झालेला खर्च यांची जवळपास फिटंफाट झालेली असते.

उपाय साधा आहे. झेरॉक्सचा ७० जीएसएमचा ए-फोर कागद घ्यावा आणि त्याचे चार तुकडे करावेत. एक तुकडा जेमतेम एक ग्रॅमचा होतो. दिसायला तो रेशनच्या पावतीसारखा दिसेल, पण पार्सल ४९८ वर राहील. शिवाय पार्सल काट्यावर ठेवून फोटो काढून ठेवावा. वजनावरून वाद झाला तर तोच कामाला येतो. चिठ्ठीतला गोडवा तिथे चालत नाही.

मायना

मराठी पत्रलेखनात मायन्याचा तुटवडा कधीच नव्हता. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, बाकी सगळ्यांना स.न.वि.वि. गिऱ्हाईक यांतल्या कुठल्या खणात बसतं, हे मात्र शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात दिलेलं नाही.

‘प्रिय ग्राहक’ असं लिहू नये. हे दोन शब्द वाचले की माणसाला आज रात्री साडेनऊला वीज तोडण्याची धमकी देणारा तो भामट्यांचा मेसेज आठवतो आणि तो चिठ्ठी लांब धरून वाचायला लागतो. मग नावाने हाक मारावी, तर लेबलवरच्या नावाचा भरवसा नाही. खातं बंगळुरूच्या मुलाचं असतं, पत्ता सांगलीच्या आईचा असतो आणि पर्स मावशीच्या एकसष्टीसाठी असते. काहींनी नावाच्या रकान्यात ‘आई नवीन नंबर’ असंही भरलेलं असतं. ‘प्रिय आई नवीन नंबर’ असा मायना लिहून बघितलात, तर अडचण लक्षात येईल.

नात्याची हाक मारण्याचा मोह अनेकांना होतो. ‘ताई’ चालून जातं. ‘दादा’ला सहसा हरकत येत नाही, तिशीच्या आतल्या पुण्याच्या मुलाने घेतली तर घेतली. ‘काकू’ हा मायना कधीही वापरू नये. समोरची बाई सत्तरीची असली तरी वापरू नये; उलट तेव्हा तर अजिबात नको. ‘सौ.’ लावणं म्हणजे ज्याची चौकशी आपण केलेली नाही त्याबद्दल ठाम मत देणं. प्रस्तुत लेखकाचा सल्ला असा, की नुसता ‘नमस्कार’ लिहावा आणि खाली ओळ सोडावी. नमस्काराला वय, लिंग, वैवाहिक स्थिती काहीच लागत नाही.

भाषेचं काय करायचं? इथे पिनकोड उपयोगी पडतो. पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी टपाल खात्यात असताना आणली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. गृहस्थ संस्कृतचे पंडित आणि कवी, त्यामुळे सहा आकड्यांत अख्खा देश बसवणं त्यांना वृत्तात मात्रा बसवण्याइतकंच वाटलं असावं. पहिले दोन आकडे ४० ते ४४ असले तर महाराष्ट्र, त्यातलं ४०३ हे गोव्याचं. म्हणजे ४० ते ४४ ला मराठी चिठ्ठी आणि बाकीच्यांना इंग्रजी, असा नियम करून नवा विक्रेता मोकळा होतो. मग ४५२ च्या इंदूरला आणि ३९० च्या बडोद्याला पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारं घर इंग्रजी चिठ्ठी बघून हिरमुसतं. ५८० च्या धारवाडला कुलकर्णी आडनाव बघून आपण खुशाल मराठीत चार ओळी लिहितो आणि कुलकर्णी पडतात कन्नड. ४११०५७ म्हणजे पुण्याचं हिंजवडी. तिथे खोकं उघडणारा मुलगा ओडिशातून तीन महिन्यांपूर्वी आलेला असतो आणि त्याने ते फ्लॅटवरच्या दोस्तासाठी ठेवून घेतलेलं असतं. तेव्हा वर मराठी, खाली इंग्रजी, दोन्ही थोडक्यात, हे उत्तम.

एक पिनकोड वेगळा नोंदवून ठेवा : ४११०३०. सदाशिव पेठ. तिथे चिठ्ठी पाठवण्याआधी शुद्धलेखन दोनदा तपासावं. ‘आशिर्वाद असावा’ असं लिहून पाठवलंत, तर पर्स आवडूनही एक तारा कापला जाईल आणि वेलांटी दीर्घ का, याचं विवेचन रिव्ह्यूत कायमचं राहील. त्याखाली ‘हे परीक्षण २३ जणांना उपयुक्त वाटलं’ असंही येईल.

मजकूर, नमुन्यांसह

बाजारात सध्या तीन घराणी आहेत.

पहिलं भावुक. “तुमची ऑर्डर आली तेव्हा आमच्या छोट्याशा घरात कुणीतरी आनंदाने नाचलं!” हा नाच इंग्रजी चिठ्ठ्यांतून आलेला आहे. तिकडच्या विक्रेत्याला गॅरेज असतं, त्यात तो नाचत असेल. डोंबिवलीतल्या साडेचारशे चौरस फुटांत, शिलाई मशीन, खणाचे तागे आणि अभ्यासाला बसलेली मुलगी यांच्यामधून कुणी नाचू लागलं तर खालचे लोक वर येतील. शिवाय वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की एका पर्सच्या विक्रीवर हे लोक नाचत असतील तर एरवी यांचं कसं चाललं आहे? पर्स टिकेल ना?

दुसरं घराणं पत्रिकेचं. हे आपल्या मातीतलं आहे आणि त्याचा नमुना पूर्ण द्यावासा वाटतो :

“आमचे येथे श्रीकृपेकरून खणाची पर्स (नग १, रंग आमसुली) आपणांकडे पाठविण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार व इष्टमित्रांसह तिचा स्वीकार करून आम्हांस उपकृत करावे. वेळेत पिकअप न झाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. आपले स्नेहांकित : समस्त पर्सवाले परिवार. चि. ओवीच्या आईच्या पर्सला यायचं हं! टीप : कृपया रिटर्न आणू नयेत. आहेर तारांकित स्वरूपात स्वीकारला जाईल.”

ही चिठ्ठी लोक फ्रिजवर लावतात. दुर्दैवाने शेवटच्या ओळीमुळे ती तिसऱ्या घराण्यात जाते, आणि या मार्गदर्शिकेतला सगळ्यात गंभीर भाग तिथे सुरू होतो.

तिसरं घराणं वसुलीचं. नमुना : “खरेदीबद्दल मनःपूर्वक आभार. तुमचे पाच तारे म्हणजे आमच्या छोट्या व्यवसायाचा श्वास. कृपया पाच ताऱ्यांचा रिव्ह्यू द्या, स्क्रीनशॉट खालील नंबरवर पाठवा आणि ५० रुपये यूपीआयने मिळवा. काही तक्रार असल्यास रिव्ह्यू न लिहिता आधी आम्हाला व्हॉट्सअॅप करा.”

चार वाक्यं आहेत. आभाराचं पहिलं सोडलं, तर बाकी प्रत्येक वाक्यात तुमचं खातं बंद पाडण्याची ताकद आहे. अॅमेझॉनच्या विक्रेत्यांसाठीच्या नियमांत फक्त चांगलाच रिव्ह्यू मागायला मनाई आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, सूट किंवा फुकट वस्तू द्यायला मनाई आहे. खूश गिऱ्हाईकाला साइटवर आणि नाराज गिऱ्हाईकाला गुपचूप आपल्या नंबरवर वळवायलाही मनाई आहे. ‘अनुभव जसा असेल तसा लिहा’ एवढं तटस्थपणे म्हणता येतं. पण तसं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही, कारण अनुभव जसा असेल तसा कुणी लिहिला तर काय होईल, हे विक्रेत्याला सगळ्यात आधी ठाऊक असतं.

हे नियम कागदावरच राहतात, असं म्हणणारा एक मेहुणा प्रत्येक घरात असतो. त्याला रावपॉवरची गोष्ट सांगावी. चार्जर, पॉवर बँक विकणारा हा चिनी ब्रँड अमेरिकेत चांगला चालत होता. त्याच्या एका खोक्यात रिव्ह्यूच्या बदल्यात ३५ डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊ करणारी चिठ्ठी निघाली आणि ते वर्तमानपत्रात आलं. जून २०२१ मध्ये रावपॉवरचा माल अॅमेझॉनवरून दिसेनासा झाला. ३५ डॉलर देण्याची ऐपत असलेल्या कंपनीचं हे झालं. आपले बोलून चालून ५० रुपये, तेही स्क्रीनशॉट नीट दिसला तर.

आपल्याकडेही कायदा गप्प नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० सालच्या जुलैत आले. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहू नये, असं त्यांत आहे. नव्या विक्रेत्याच्या लिस्टिंगवर पहिले सहा रिव्ह्यू सासूबाई, नणंद, दोन मैत्रिणी, स्वतः आणि पुन्हा स्वतः यांचे असतात, त्यांतल्या किमान दोघांना हा नियम थेट लागू होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. प्रेशर कुकर आणि हेल्मेटसारखाच आता अभिप्रायालाही मानक क्रमांक आहे. ते ऐच्छिक आहे आणि शिट्टी मात्र होत नाही.

नियम बाजूला ठेवले तरी एक व्यवहार उरतो. गिऱ्हाईकाने पैसे दिले, तुम्ही वस्तू दिली, हिशोब संपला. त्यानंतर गोड बोलून तारे मागितले की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, की वरचे आभार हे खालच्या मागणीचं तोरण होतं. ज्याने आपणहून चार शब्द लिहिले असते तोही मग गप्प बसतो.

क्यूआर कोड आणि स्क्रॅच कार्ड

टाकू नका. गेली काही वर्षं भामटे लोक नामांकित शॉपिंग कंपन्यांच्या नावाने घरोघरी पाकिटं पाठवतात. आत स्क्रॅच कार्ड असतं, खरवडलं की चारचाकी गाडी निघते आणि गाडी घेण्यापूर्वी ‘प्रक्रिया शुल्क’ भरायचं असतं. शेजारच्या जोशीकाकांनी ते भरलेलं असतं. अशा घरात तुमचा चौकोनी काळा-पांढरा क्यूआर कोड पोचला की चिठ्ठी आधी सुनेला, मग मुलाला आणि शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर दाखवली जाते. ‘हे खरं आहे का?’ या प्रश्नाखाली आपल्या दुकानाचं नाव झळकणं ही काही जाहिरात नव्हे.

हस्ताक्षर

हाताने लिहिलेल्या चिठ्ठीला मान आहे. एत्सीसारख्या हस्तकलेच्या बाजारात तर लोक तिचेही फोटो काढतात. म्हणून काही हुशार मंडळी हस्ताक्षरासारख्या दिसणाऱ्या फॉन्टमध्ये चिठ्ठी छापतात. त्यातला प्रत्येक ‘र’ तंतोतंत सारखा असतो आणि शाई बोटाला लागत नाही. हे कुणालाही कळतं. छापायची असेल तर छापल्यासारखी छापा. लिहायची असेल तर घरातल्या शाळकरी मुलाला बसवा, शुद्धलेखनाच्या दहा ओळी तशाही शाळेत लिहायच्याच असतात. नवरात्रात ऑर्डरी वाढल्या की मूल संपावर जातं, त्याची तयारी ठेवावी.

चिठ्ठी ठेवण्याची जागा

तुमचा माल कंपनीच्या गोदामातून जात असेल तर हा प्रश्नच वेगळा होतो. बाईंनी पर्सा भिवंडीच्या गोदामात पाठवून ठेवल्या, तर बाहेरचं खोकं तिथे कुणीतरी दुसराच बांधतो. चिठ्ठी आधीच पर्सच्या पोटात घालावी लागते आणि तिच्यात गिऱ्हाईकाचं नाव घालता येत नाही, कारण कुठली पर्स कुणाच्या घरी जाणार हे भिवंडीलाही आधी माहीत नसतं. अशा चिठ्ठीत ‘खास तुमच्यासाठी निवडलेली’ असं लिहिणाऱ्यांच्या धैर्याचं कौतुक वाटतं.

घरून पाठवत असाल तर खोकं उघडण्याची क्रिया डोळ्यांपुढे आणा. हल्ली रिटर्नचा वाद नको म्हणून माणसं खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढतात. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात भाजी चिरायची सुरी, मागून कुणीतरी ‘लेबल दाखव, लेबल दाखव’ म्हणत असतं. सुरी टेपवरून सरळ ओढली जाते. चिठ्ठी सगळ्यात वर ठेवली असेल तर पहिला वार तिच्यावर होतो आणि ‘मनःपूर्वक’चे दोन तुकडे होतात. तळाशी ठेवली तर ती पुठ्ठ्याच्या घडीत अडकून रद्दीत जाते. पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवावी. तिथे ती चारेक महिन्यांनी सापडते, लोकलच्या पासाबरोबर, पण सापडते. मसाले विकत असाल तर मात्र पाकिटाला चिकटवू नका. गोड्या मसाल्याचं तेल कागदातून आरपार येतं आणि अक्षरं आपोआप पारदर्शक होतात.

भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलात किमतीचा उल्लेख नको. ‘फक्त ३४९ रुपयांत एवढी सुंदर वस्तू घेतल्याबद्दल धन्यवाद’ ही ओळ मावशीच्या एकसष्टीला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जाते. भाच्याचं पुढे काय होतं, ते या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.

जाता जाता एक गोष्ट. ज्या दोन माणसांच्या हातून पार्सल खरोखर इकडचं तिकडे होतं, त्यांना ही चिठ्ठी कधीच दिसत नाही. तिकडे लिफ्ट बंद असताना चौथा मजला चढणाऱ्याचं आपण काही करू शकत नाही. इकडे पिकअपला येणाऱ्या मुलाला मात्र पाणी विचारता येतं. पार्सल ठेवलं जाणार की फेकलं जाणार, हे थोडंफार त्या तांब्यावर ठरतं.

परत आलेली चिठ्ठी

कपड्यालत्त्यात आणि पर्सांत रिटर्न हा धंद्याचा भाग आहे. पर्स परत येते तेव्हा चिठ्ठीही परत येते. नवा विक्रेता पर्स झटकतो, उलटसुलट करून बघतो, नव्या खोक्यात घालतो आणि पुढच्या ऑर्डरला लावतो. चिठ्ठी आतल्या कप्प्यात तशीच असते. त्यामुळे नाशिकच्या बाईंना ‘नमस्कार सुनंदाताई’ अशी चिठ्ठी मिळते आणि आपल्याआधी ही पर्स सुनंदाताईंनी वापरली आहे, हे त्यांना कळतं. सुनंदाताईंनी ती कदाचित हातातही धरली नसेल. पण चिठ्ठीवर हळदीचं बोट उमटलेलं असतं आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं असतं : दूध २, दही अर्धा, नारळ.

हा पुरावा कुठल्याही ग्राहक आयोगापुढे टिकेल. म्हणून परत आलेल्या प्रत्येक वस्तूचे सगळे कप्पे, खिसे, अस्तराच्या फटी तपासाव्यात. क्वचित त्यात सुनंदाताईंनी लिहिलेली उलट चिठ्ठीही निघते. ‘पर्स छान आहे, पण फोटोत मोठी वाटली. चष्म्याचं घर मावत नाही.’ ही मिळाली तर जपून ठेवा. सेलर पॅनलवर रिटर्नचं कारण म्हणून नुसतं ‘इतर’ आलेलं असतं. चष्म्याच्या घराची गोष्ट तिथे कधीच कळली नसती, आणि पुढची पर्स दोन बोटं रुंद शिवायला हवी हेही नाही.

शिफारस केलेला नमुना

वरचं सगळं वाचून धीर सुटला असेल तर खालचा मजकूर जसाच्या तसा वापरायला हरकत नाही. झेरॉक्सच्या पाव कागदावर मावतो, वजन एक ग्रॅम.

“नमस्कार. ही पर्स खणाची आहे. खण गुळेदगुड्डचा, शिलाई आमच्या घरची. पहिल्या धुण्यात रंग थोडा जाईल, म्हणून गार पाण्यात वेगळी धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात टाकली तर काठ फिका पडतो. इस्त्री उलट बाजूने. आत चष्म्याचं घर मावत नाही, मोबाइल मावतो. बंद उसवला तर कुठलाही चपलांचा कारागीर दोन टाके घालून देईल. परत करायची असेल तर अॅपमधूनच करा, आम्ही रागावत नाही.”

खाली ‘धन्यवाद’ घालायला जागा उरत असेल तर घाला. उरत नसेल तर ‘उन्हात टाकली तर’ हे वाक्य मात्र काढू नका. काठ फिका पडला की गिऱ्हाईक पहिल्यांदा आपल्यालाच बोलणार आहे.